पहिलं पाणी मातीला

३ तारीख, शनिवार

ही डायरी सूनबाईनं वाढदिवसाला दिली. म्हणाली, "आई, दिवसभर मनातल्या मनात बोलता ते यात लिहीत जा." मनातलं हिला कसं ऐकू येतं म्हणून विचारलं, तर म्हणे तुमचे ओठ हलतात. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा माझ्या ओठांकडे बघायची कुणाची छाती नव्हती. असो. पानं जाड आहेत, शाई फुटत नाही. फुकट घालवण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आज चर्चमधल्या वेदीची कापडं धुऊन झाली. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. आधी गार पाण्यातून काढायची, आणि ते पहिलं पाणी मोरीत न ओतता मागच्या दारी मातीला द्यायचं. ख्रिस्तप्रसादाचा एखादा कण कापडात राहिला असला तर तो गटारात जाता कामा नये. मग कापडं उकळायची, खळ द्यायची आणि दमट असतानाच इस्त्री फिरवायची. उद्या वरचं मोठं कापड वेदीवर घालायचं आहे. ते मी स्वतः शिवलंय, हे अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी, त्यांच्या उशाशी बसून. एकेक धागा ओढून काठावर जाळी केली. बिशपांनी स्वतः आशीर्वाद दिला त्याला. हे मात्र जाळी पुरी व्हायच्या आधीच गेले.

वेदीची व्यवस्था बघणाऱ्या आमच्या वेदीमंडळाचे नियम मीच लिहिले आणि काचेत बसवून वेदीमागच्या खोलीत लावले. एकूण अकरा. नवे फादर ते वाचून म्हणाले, "मोठ्या बाई, देवानं सुद्धा दहा आज्ञांवर भागवलं." मी म्हटलं, "देवाला कापडं धुवायची नव्हती." पोरगेलेसे आहेत, लगेच लाजले.

सूनबाई उद्या रात्रपाळीवरून परस्पर चर्चला येणार. म्हणजे मागच्या बाकावर बसून डुलक्या. नर्स आहे, दमते, कबूल. मनानं चांगली आहे पण शिस्त म्हणून नाही.

४ तारीख, रविवार

राग अजून उतरलेला नाही, तरी लिहिते.

सकाळपासून गार पाऊस, झोडपून काढणारा. मी लवकर जाऊन वेदी मांडली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली नेहमीसारखी गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. नियम नववा : ओल्या छत्र्या, कोट, शाली बाहेरच ठेवायच्या. एकूण एक माणसाकडून काढून घेतल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. आत जमीन कशी कोरडी ठणठणीत होती.

तेवढ्यात आतून मूल रडल्याचा आवाज आला. नियम पाचवा : रडणारं मूल व्हरांड्यात न्यावं. कुणाचं आहे ते बघून सांगावं म्हणून आत गेले, तर वेदी उघडी. मेणबत्त्या आणि क्रूस खाली पायरीवर ओळीनं ठेवलेले, आणि कापड गायब. मला वाटलं चोरी झाली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "कापड कुठंय?"

सगळ्यांनी वेदीमागच्या खोलीकडे पाहिलं. तिथं जमिनीवर एक अनोळखी बाई आडवी होती. शेजारी सूनबाई बाह्या वर करून गुडघ्यांवर बसलेली, तिच्या हातात माझं कापड आणि कापडात नुकतं जन्मलेलं मूल. ती बाई म्हणे समोरच्या थांब्यावर उभी होती. बस आली नाही, कळा आल्या. कुणीतरी बाजूच्या दारानं तिला आत आणलं. रस्त्यावर पाणी साचल्यामुळं ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला. हे सगळं मला मागून कळलं. त्या वेळी मला फक्त माझं कापड दिसत होतं, आणि त्याची जी दशा झाली होती ती दिसत होती.

सूनबाई वर बघून म्हणाली, "आई, किल्ली..." मग म्हणाली, "राहू दे. झालं आता."

कसली किल्ली ते मी विचारलं नाही. माझ्या गळ्यात होती म्हणून कपाटातली बाकीची कापडं तरी वाचली, देवाची कृपा.

चर्चच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष तिथंच उभे होते. जन्मभर कोर्टात न्यायाधीश म्हणून बसले, अजूनही प्रत्येक गोष्टीला कुठलं तरी कलम लावतात, म्हणून सगळे त्यांना कलमसाहेब म्हणतात. मी त्यांना म्हटलं, हे नोंदवून घ्या, याचा जाब मंडळापुढं विचारला गेलाच पाहिजे. खणखणीत आवाजात म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं असणार.

नंतर साधं कापड काढून वेदी पुन्हा मांडली. मिस्सेची प्रार्थना उशिरा झाली. आई आणि मूल हॉस्पिटलात आहेत, दोघंही ठीक आहेत म्हणे. सूनबाई त्यांच्याबरोबर गेली, आणि कापडही तिकडंच गेलं.

५ तारीख, सोमवार

कापड आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं. सूनबाईनं ते ओट्यावर ठेवलं, "मी धुणार होते, पण तुम्हाला माझं धुणं पटत नाही," म्हणाली आणि झोपायला गेली. हे मात्र खरं बोलली.

नियम सातवा मला तोंडपाठ आहे, मीच लिहिलाय : वेदीचं कापड इतर कामाला वापरलं गेलं तर ते परत वेदीवर घालू नये, जाळून राख पुरावी. म्हणजे जाळायचंच आहे. पण अशा अवस्थेत जाळायला सुद्धा बरं वाटेना. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग बसतो. म्हणून गार पाण्यात मीठ घालून भिजवलं, हलक्या हातानं पिळलं आणि पाणी मागच्या दारी गुलाबाच्या मुळाशी ओतलं. पलीकडं, शेजारच्या अंगणात, कलमसाहेबांच्या पत्नी कलमवहिनी कपडे वाळत घालत होत्या. कुंपणावरून मान काढून विचारलं, काय ओतताय. म्हटलं, वेदीच्या कापडाचं पहिलं पाणी, दुसरं काय. "त्याच कापडाचं का?" म्हणाल्या. म्हटलं, हो, त्याच. यांना सगळ्या चौकशा हव्यात.

दोनदा उकळलं. काठाजवळ पानाएवढा तपकिरी डाग राहिला, तो काही जाईना. जाळायच्या कापडासाठी आख्खी दुपार घालवली. मला झालंय तरी काय!

७ तारीख, बुधवार

कलमसाहेब घरी आले. हातात टाइप केलेला कागद. तक्रारदार : वेदीमंडळाच्या प्रमुख. विषय : वेदीवस्त्राची विटंबना. बैठक सोळा तारखेला, शुक्रवारी. सातव्या नियमात पुढं असंही आहे की ज्यानं वापरलं त्यानं मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी, नाहीतर चर्चच्या कुठल्याही कामात त्याला घेऊ नये. हेही मीच लिहिलंय.

मी म्हटलं, "साहेब, ते मी रागाच्या भरात बोलले. सोडून द्या की."

"बाई, सगळ्या मंडळीनं ऐकलंय," ते म्हणाले. "तुमच्या सुनेला सोडलं तर उद्या दुसऱ्याच्या सुनेला कुठल्या तोंडानं धरणार?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यांना चहा दिला, त्यात साखर घालायला विसरले. ते बिचारे तसाच प्यायले.

जेवताना विषय निघालाच. सूनबाई शांतपणे म्हणाली, ती माफी मागणार नाही. मूल निळं पडलं होतं, रडत नव्हतं. तिनं ते पुसलं, चोळलं, गुंडाळलं, तेव्हा ते रडलं. यात चूक कोणती ते कुणीतरी दाखवावं, मग माफी मागते. आणि ज्या चर्चमध्ये याबद्दल तिला उभं करणार, तिथं ती पाऊल ठेवणार नाही.

चिरंजीव इतका वेळ ताटात बघत होते. मग म्हणाले, "आई, दुसऱ्या शहरातल्या शाखेचं विचारतायत ऑफिसमधून. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. मी नाही म्हणणार होतो."

होतो, म्हणाला. नात विचारत होती की तिकडं गेल्यावर आजीची खोली कुठली. मी ताटं उचलली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सरळ केलं, आणि स्वतःचं घर माझ्याच तोंडानं मोडायची वेळ आली.

८ तारीख, गुरुवार

हॉस्पिटलात जाऊन आले. बैठकीत विचारलं तर नीट सांगता यावं, म्हणून घटनेची माहिती घ्यायला गेले होते. जाताना थोडं सूप नेलं, कारण रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही.

ती बाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. नवरा म्हणून कुणी नाही. भेटायला कुणी आलेलं दिसलं नाही, उशाशी सूनबाईचा जुना स्वेटर तेवढा होता. मला बघून उठून बसायला लागली. "तुमचंच ना ते कापड?" म्हणाली. "मी धुवून देते. पांढरं करून देते बघा." मी म्हटलं, कपडे धुण्याचं मला शिकवू नकोस, आडवी हो.

मग तिनं सूप पिईपर्यंत मूल मला धरावं लागलं. मुलगा आहे. अंगानं किरकोळ पण मूठ घट्ट. माझ्या साखळीतली किल्ली पकडून बसला, सोडवता सोडवेना.

माहिती घ्यायची राहूनच गेली.

९ तारीख, शुक्रवार

डबा परत आणायला गेले होते. डबा भरूनच न्यावा लागला, कारण रिकामा डबा आणायला रिकाम्या हातानं कसं जायचं. शिवाय पोराला टोपी नव्हती. जुनी लोकर पडून होती, ती एकदाची कामी आली.

१० तारीख, शनिवार

आज सूनबाईशी स्वयंपाकघरात समोरासमोर बोलले. मनात ठेवून ठेवून माझंच डोकं दुखायला लागलं होतं. म्हटलं, "मला एकच सांग. आख्खं चर्च भरलं होतं. कुणाची शाल नव्हती? कुणाचा कोट नव्हता?"

ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"नव्हता, आई. सगळं तुम्ही व्हरांड्यात ठेवून घेतलं होतं. आणि ते सगळं ओलं चिंब होतं. भिजलेलं बाळ ओल्या शालीत गुंडाळलं असतं तर हातातच गार पडलं असतं."

"मग कपाट होतं."

"कपाटाला कुलूप होतं. मी दोनदा ओढून बघितलं. तुम्हाला हाका मारल्या, पण बाहेर पावसाचा आवाज." मग म्हणाली, "खरं सांगू का? कपाट उघडं असतं तरी मी चांगल्यातलंच कापड घेतलं असतं. त्या इमारतीत उकळलेलं, इस्त्री केलेलं, कोरडं असं काही असलं तर ते तुम्ही केलेलंच होतं. वॉर्डात सुद्धा इतकं स्वच्छ कापड मिळत नाही मला. ते हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, आता हा वाचतो."

कांद्याचा वास होता म्हणून बरं झालं, डोळ्यांचं कारण सांगावं लागलं नाही.

किल्ली माझ्या गळ्यात होती. चार तारखेला मी काय लिहिलंय ते मागं जाऊन वाचलं. लाज वाटली.

११ तारीख, रविवार

सूनबाई आली नाही. मुलगाही नाही. नातीला घेऊन मी एकटी.

फादरांनी आज उपदेशाला बायबलमधल्या उपाशी राजाची गोष्ट घेतली. राजा व्हायच्या आधी तो जीव वाचवत पळताना देवळात येतो आणि देवापुढच्या पवित्र भाकरी मागतो, ज्या याजकांशिवाय कुणी खायच्या नाहीत. आणि याजक त्या देतो. मग म्हणाले, खड्ड्यात पडलेलं मेंढरू विश्रांतीच्या दिवशी वर काढायचं की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची, हे आपल्या प्रभूनं विचारलं तेव्हा कायद्याच्या पंडितांकडे उत्तर नव्हतं. बोलताना फादरांचा आवाज कापत होता आणि माझ्याकडे बघायचं ते कटाक्षानं टाळत होते. लेकी बोले सुने लागे! इथं तर सुनेवरून सासूला.

राग यायला हवा होता. आला नाही. घरी येताना नातीनं विचारलं, "आजी, पण तो खड्डा झाकून का नव्हता ठेवला?" पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय.

तरी माझा प्रश्न सुटत नाही. नियम वाईट नाहीत. मी नीट धुते, उकळते, इस्त्री करते, हात लावू देत नाही, म्हणून ते कापड तसं होतं. नियमच नसते तर तिच्या हाताला काय लागलं असतं? एखादं मळकट फडकं. मग ज्या नियमानं पोर वाचलं तोच नियम तिला उभं करून माफी मागायला लावतो, हे कसं? देवा, मी गणित शिकवायचे. हे गणित मला येत नाही.

१५ तारीख, गुरुवार

उद्या बैठक. निदान नियमाचा अर्धा भाग तरी आपण पाळावा, म्हणजे बाकीच्या अर्ध्याबद्दल बोलायला तोंड राहील, असं ठरवून कापड घेऊन मागच्या दारी गेले. जुन्या बादलीत ठेवलं. काडी पेटेना. हवा दमट. दुसरी पेटली पण वाऱ्यानं विझली. मग कापड घडी करायला उचललं, कारण मोकळं जाळलं तर उडतं, आणि बघते तर काठाच्या जाळीचे दोन धागे तुटलेले. ते तसेच ठेवून जाळणं मनाला पटेना. सुई आणायला आत गेले.

कलमवहिनी कुंपणापाशीच होत्या. "बाई, जाळायच्या कापडाला टाके घालताय?" म्हणाल्या. मी म्हटलं, कुठलंही काम अर्धवट सोडू नये. त्या हसू दाबत घरात गेल्या. त्यांचं काही कळत नाही मला.

धागे बसवले. मग ऊन गेलं, जाळायचं राहिलं.

१६ तारीख, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहिते.

चर्चच्या सभागृहात लांब टेबल, त्याभोवती मंडळाचे लोक. टोकाला फादर, मधोमध कलमसाहेब. सूनबाई गणवेशातच आली, दिवसपाळी संपवून. खुर्ची दिली तरी बसली नाही, दाराशी उभी राहिली. चिरंजीव तिच्यामागं. कापड मी मांडीवर कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

कलमसाहेबांनी तक्रार वाचली. माझंच म्हणणं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. ऑर्गन वाजवणारे गृहस्थ लगेच म्हणाले, आज हे चालवून घेतलं तर उद्या कुणीही उठून वेदीवर हात टाकेल. दोघातिघांनी माना डोलावल्या. गेल्या महिन्यात त्यांच्यात मीही असते.

मी म्हटलं, तक्रार मागं घेते. कलमसाहेब म्हणाले, वाचून झालेली तक्रार मागं घेता येत नाही, तिचा निकालच लागला पाहिजे. मग चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "बाई, नियम तुमचे, कापड तुमचं. म्हणून आधी तुम्हालाच विचारतो. सातव्या नियमाप्रमाणे कापड जाळलंत?"

"नाही."

"धुतलंत?"

"हो."

"पहिलं पाणी कुठं ओतलं?"

हा प्रश्न त्यांना कसा सुचला कोण जाणे. मी सरळ सांगितलं, "मागच्या दारी. गुलाबाच्या मुळाशी."

"मोरीत नाही?"

"वेदीच्या कापडाचं पाणी मोरीत कसं ओतीन मी?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझं मलाच उमगलं.

"नियम दुसरा वाचा," ते म्हणाले. मला वाचायची गरज नव्हती. पवित्र वस्त्राचं पहिलं पाणी मातीला द्यावं. फक्त पवित्र वस्त्राचं. घरचे पडदे, चादरी यांचं पाणी मोरीत जातं, जन्मात कधी मातीला दिलं नाही.

"म्हणजे बाळंतपणाचं रक्त लागलेलं कापड तुमच्याकडं आलं," कलमसाहेब सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही ते पवित्र मानलंत."

मी उभी राहिले. शाळेत भाषण करायला उभी राहायचे तशी नाही. टेबलाचा काठ धरून.

"मी मानलं नाही, साहेब," मी म्हटलं. "ते होतंच. मला कळलं नाही, हातांना कळलं होतं."

मग मात्र थांबवेना. म्हटलं, हिच्यावर तक्रार करायची तर माझ्यावरही करा. शाली, कोट मी बाहेर ठेवून घेतले. किल्ली माझ्या गळ्यात होती आणि मी छत्र्या सांभाळत बसले होते. आत एक मूल मरत होतं आणि हिच्या हाताशी मी एवढं एकच कापड ठेवलं होतं. ते हिनं ज्या कामाला वापरलं त्याहून चांगल्या कामाला मी ते इतक्या वर्षांत एकदाही वापरलेलं नाही. वेदीवर आपण जे अन्न ठेवतो ते कुणाच्या जिवासाठी ठेवतो? मग त्या कापडानं एक जीव वाचवला तर ते वेदीवरून उतरलं कसं? माझ्या मते ते अजून वेदीवरच आहे.

मी कागद सोडला आणि कापड टेबलावर पसरलं, डागासकट. कुणी त्याला हात लावला नाही. ऑर्गनवाले पुढं वाकून बघत राहिले, मग खाली बसले आणि म्हणाले, जाळी अगदी नव्यासारखी दिसतेय. फादर उघड उघड रडत होते, त्यांना काही लपवता येत नाही.

कलमसाहेबांनी निकाल सांगितला. कापडाची विटंबना झालीच नाही, ते पवित्र होतं आणि आहे, याला खुद्द तक्रारदाराच्या हाताची साक्ष आहे. विटंबनाच नाही तर माफी कसली? तक्रार फेटाळली. सगळे हात वर झाले, ऑर्गनवाल्यांचा सुद्धा. मीही केला. तक्रारदाराला मत नसतं म्हणाले, पण खाली घ्यायला लावला नाही.

काय डोकं आहे माणसाचं! कुठून कुठं धागा पकडला. इतकी वर्षं न्याय देऊन देऊन बुद्धीला धार येते, दुसरं काय. बाहेर कलमवहिनी त्यांना न्यायला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, तुमच्या साहेबांना एकेक प्रश्न सुचतात हो. त्या म्हणाल्या, "हो ना, आपोआप सुचतात त्यांना," आणि हसत त्यांच्या हाताला धरून निघाल्या.

घरी येताना सूनबाई माझ्या बाजूनं चालत होती. मग म्हणाली, "आई, मघाशी तुमचे ओठ हलत होते, पण या वेळी आवाजही येत होता." आणि माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. रस्त्यातच रडले, मोठ्यानं. लोकांनी बघितलं असेल. बघू दे.

१८ तारीख, रविवार

नियम बारावा लिहिला : कपाटाची किल्ली कपाटालाच राहील. सातव्यातला माफीचा आणि जाळण्याचा भाग खोडला. फादर म्हणाले, "आता बारा झाले." म्हटलं, मोजू नका.

चिरंजीवांनी ऑफिसला नाही कळवलं. मला मुद्दाम सांगितलं नाही, नातीकडून कळलं. ती जरा हिरमुसली आहे, तिला ट्रकमध्ये बसायचं होतं.

२५ तारीख, रविवार

आज कापड पुन्हा वेदीवर चढलं. वेदीला वेदीमंडळाबाहेरचा हात लागायचा नाही हा नियम पहिला, पण मी सूनबाईला हाक मारली आणि म्हटलं, ये, दोन कोपरे धर. ती म्हणाली, मला सरळ घालता येणार नाही. म्हटलं, काढता बरं आलं होतं! हसली. दोघींनी मिळून घातलं. डागाची बाजू मागं फादरांकडं जाईल अशी मी घालत होते. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग मीच फिरवून ती बाजू पुढं केली. सगळ्यांना दिसू दे.

मूल आणि त्याची आई पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी. ती आपल्या चर्चची नाही, पुढं होईल न होईल, तिची मर्जी. फादरांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी विणलेली टोपी त्याला जरा मोठी होते, डोळ्यांवर येते.

मग मिस्सेतला सगळ्यात शांत क्षण आला. फादरांनी भाकर वर उचलली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि तेवढ्यात या पठ्ठ्यानं भोकाड पसरलं. असं की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. सगळ्या माना वळल्या, पोराकडं नाही, माझ्याकडं. नियम पाचवा सगळ्यांना पाठ आहे. त्याची आई घाबरून उठली, पोराला छातीशी धरून व्हरांड्याकडं निघाली.

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"रडू दे," मी म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "रडायला तो इथंच शिकलाय."

मागच्या बाकावरून सूनबाईचं हसू ऐकू आलं. फादर भाकर वर धरून तसेच थांबले होते, तेही हसले आणि पुढचे शब्द त्यांनी त्याच्या रडण्यावर आवाज चढवून म्हटले.